नीरेत गोड्या पाण्यातला स्पंज सापडलाय, ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी भोर तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी नीरेचं पाणी उतरलेलं पाहून नववीच्या मुलांना पात्रात घेऊन गेले होते. एकाने गुडघाभर पाण्यातला दगड उलटला, तर खाली तळहाताएवढा राखाडी थर. मुलं म्हणाली, शेवाळ. पण शेवाळ बुळबुळीत लागतं. हे बोटाला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागत होतं, आणि वास उग्र. शाळेत चिमूटभर तुकडा ४०० पट मोठा करून पाहिला, तर काचेसारख्या सुयाच सुया, म्हणजे स्पंजचा सांगाडा! "बाई, स्पंज तर समुद्रात असतो ना?" हा प्रश्न लगेच आलाच.

थराच्या तळाशी खसखशीएवढे पिवळट गोल दाणे आहेत. हेच जेम्यूल, म्हणजे ज्यांतून स्पंज पुन्हा उगवतो ते दाणे, असावेत. पाणी आटून स्पंज मेला तरी हे दाणे उन्हाळा काढतात. जात ओळखायला जेम्यूलवरच्या सुया लागतात असं वाचलंय. सुया सुट्या करायला शाळेत नायट्रिक आम्ल उकळायचं धाडस मी करणार नाही, म्हणून तुकडा ब्लीचमध्ये विरघळवला. सुया स्वच्छ मिळाल्या, पण अंगातल्या आणि जेम्यूलच्या सगळ्या एकत्र झाल्या. दोन्ही टोकांना अणकुचीदार, गुळगुळीत दिसतात. आता कुठली कुणाची, कसं ओळखू?

दुसरं म्हणजे, घाईत मी अर्धा थर खरवडून आणला. बादलीत ठेवला, तर दुसऱ्या दिवशी पाणी नासलं. फार वाईट वाटलं. नमुना नेमका किती आणि कसा घ्यायचा?

प्रतिसाद १

ताई, आधी दाणे वेगळे करा. सुईच्या टोकाने एकच जेम्यूल उचला, पाण्यात धुवा, स्लाइडवर ब्लीचच्या थेंबात ठेवा. कवच विरघळलं की उरतात त्या त्याच्याच सुया. त्यांची टोकं दातेरी चकत्यांसारखी असली तर स्पंजांचा एफिडेशिया हा गट आठवा. दाणे दगडाला घट्ट चिकटलेले आणि अंगातल्या सुया बोथट टोकांच्या असतील तर कॉर्व्होस्पाँजिला हा गट. सगळ्याच सुया साध्या टोकदार असतील, तर एक कोरडा दाणा ब्लेडने कापून कडेला बघा. मधाच्या पोळ्यासारखा हवेच्या कप्प्यांचा जाड थर दिसला तर युनापियस कार्टेरी ही जात असण्याची शक्यता मोठी. मुंबईत लष्करी डॉक्टर असलेल्या कार्टर यांनी १८४९ मध्येच तिथल्या तळ्यांतल्या स्पंजांचं वर्णन छापलं होतं. या जातीला नाव त्यांचंच आहे.

नमुना नखाएवढा पुरे, पण त्यात दाणे हवेत. बाकीचा थर दगडावर राहू द्या आणि दगड होता तसाच, थर खाली करून ठेवा. निम्मा तुकडा अल्कोहोलमध्ये, निम्मा सावलीत वाळवून कागदी पाकिटात. फॉर्मेलिन नको, पुढे डीएनए तपासता येत नाही. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. जिवंतपणीचा रंग तिथेच टिपून घ्या, नंतर तो राहत नाही. दर नमुन्याला ब्लेड बदला, नाहीतर एकाच्या सुया दुसऱ्यात मिसळून भलतंच नाव निघतं. आणि ब्लीचमध्ये आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. वाळलेला स्पंज मुलांना चुरगाळू देऊ नका, सुया डोळ्यांत जातात.

खात्री करायची तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे फोटो आणि सुयांची स्लाइड दाखवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, मनापासून आभार. आज सहा दाणे वेगळे केले. चकत्या कुठेच नाहीत, सगळ्या सुया टोकदार. कापलेल्या दाण्याच्या कडेला अगदी पोळ्यासारखे कप्पे दिसले. मुलं रांग लावून बघत होती, मधली सुट्टी संपली तरी कुणी हलेना. दाणेही सुटे होते, दगडाला चिकटलेले नव्हते.

चार दाणे नदीच्या पाण्यात बशीत ठेवलेत. फुटले तर इथे फोटो टाकते. पाणी रोज बदलायचं की तसंच ठेवायचं, तेवढं कुणीतरी सांगा.