मूरला 'सडा' म्हणावं का?

इंग्लंडमधल्या डार्टमूरवरच्या बारीक वनस्पतींविषयीचा मजकूर मराठीत आणते आहे आणि पहिल्याच ओळीत अडले. 'मूर' म्हणजे उघडं, निकस, ओलं पठार. त्याला काय म्हणू? माळरान म्हटलं की सोलापूरकडचं कुसळी गवत डोळ्यांपुढे येतं, दलदल म्हटलं की नुसता चिखल. 'सडा' चालेल? आणि 'पीट'ला, म्हणजे तिथे साचलेल्या मेलेल्या शेवाळाच्या थराला, 'कुजकी माती' लिहिलं आहे, ते ठीक आहे का?

प्रतिसाद १
ताई, सडा आमचा रत्नागिरीकडचा शब्द. गोव्यात मुरगावलाही सडा आहे. (अंगणातला सडा वेगळा.) तुम्हाला तो सुचला यात नवल नाही. दोन्हीकडे उघडा माथा, निकस जमीन, आणि खरी गंमत बघायची तर गुडघे टेकायला हवेत. पण सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. पावसात बोटभर मातीत फुलतो, दिवाळीनंतर करपतो. डार्टमूरचा माथा बारमाही ओला. मूर तसाच ठेवा.

'कुजकी माती' मात्र काढाच, अर्थ उलटा होतो. पीट साचतं ते पुरतं कुजत नाही म्हणूनच. स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरतं आणि ते पाणी आंबट करतं. आत हवा पोचत नाही. मेलेले तंतू थरावर थर साचतात, वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर. हातभर खोल गेलात की काही शतकं खाली गेलात.

प्रतिसाद २
आंबट पाण्यात न कुजता राहणं, याला आपल्याकडे क्रियापद आहेच की! लोणच्यासारखं 'मुरतं'.

प्रश्नकर्ती
क्रियापद सुरेख आहे, पण पाणी 'मुरतं' म्हणजे जमिनीत जिरतं, आणि इथे तर ते जिरत नाही हेच महत्त्वाचं. म्हणून 'शेवाळ मुरतं, पाणी साचून राहतं' असं लिहीन. आता 'सनड्यू', किडे खाणारी वनस्पती. नखाएवढं गोल पान, लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. किडा चिकटला की केस त्याच्यावर वळतात. डार्विनने १८६० पासून याचा अभ्यास केला, पुस्तक १८७५ मध्ये आलं.

प्रतिसाद १
त्याला नवा शब्द नको. कासच्या पठारावर सनड्यूच्याच ड्रॉसेरा प्रजातीतली भावंडं आहेत आणि आपण त्यांना 'दवबिंदू' म्हणतो. खरं दव उन्हं चढली की उडतं, हे भर दुपारीही चमकतं. जमिनीत नत्र कमी म्हणून किडे धरायचे, ही युक्तीही दोन्हीकडे तीच.

प्रश्नकर्ती
हे घेतलंच! राहिलं एक शैवाक, म्हणजे लायकेन. राखाडी काड्या, शेंदरी लाल टोकं, उंची दोनेक सेंटिमीटर. 'दगडफूल' लिहिलं तर वाचणाऱ्याला गोडा मसाला आठवेल, आणि हे उगवतं पीटवर, जुन्या लाकडावर. इंग्रजीत सैतानाच्या आगकाड्या म्हणतात. आपल्याकडे सैतानापेक्षा भूत जवळचं, म्हणून 'भुताच्या काड्या' करू का?

प्रतिसाद २
करा. कोकणात तरी लगेच कळेल.