'सगळे निवडा' : चेकबॉक्स हवा की बटण?

तिरकी_रेघ: फॉर्ममध्ये आठ-दहा चेकबॉक्स झाले की वर 'सगळे निवडा' हवंच, आणि तोही चेकबॉक्सच. काम चार ओळींचं. वरच्याच्या चेंज इव्हेंटवर (वापरणाऱ्याने टिक बदलली की ब्राउझर देतो तो इशारा) खालचे सगळे गोळा करा, डिसेबल म्हणजे बंद ठेवलेले वगळा, बाकीच्यांचं चेक्ड (टिक आहे की नाही) वरच्यासारखं करा. फक्त वरच्याला नेम, म्हणजे ज्या नावाने किंमत सर्व्हरला जाते ते, देऊ नका. खालच्यांचंच नेम चिकटवलं तर निवडलेल्या ओळींच्या आयडींच्या रांगेत 'ऑन' अशी एक भलतीच किंमत सर्व्हरला जाते.

अर्धविराम: चार ओळींत निम्मंच होतं. सगळे निवडून खालचा एक काढला, तरी वरची टिक तशीच. म्हणून उलटा हिशेबही लागतो: खाली काहीही बदललं की निवडलेले मोजा. शून्य असतील तर वरचा रिकामा, सगळे असतील तर टिक, अधलेमधले असतील तर इनडिटरमिनेट, म्हणजे आडवी रेघ. ही रेघ एचटीएमएलमध्ये लिहिता येत नाही, स्क्रिप्टनेच लावावी लागते. एवढा खटाटोप कशाला? 'सगळे निवडा' आणि 'सगळे काढा' अशी दोन बटणं द्या. बटणाला टिकच नाही, तर चुकीची दिसणार कुठून? (बटणाच्या टॅगमध्ये टाइप 'button' लिहायला विसरू नका, नाहीतर दाबताच फॉर्म सबमिट.)

तिरकी_रेघ: मोजणी तुम्हालाही टळत नाही. 'इतके निवडले' हा आकडा दाखवायचा असेल तर बटणामागेही तेच फंक्शन बोलवावं लागेल, कारण स्क्रिप्टने चेक्ड बदललं की चेंज इव्हेंट येत नाही. बॅक करून आल्यावर ब्राउझर जुन्या टिका परत आणू शकतो, तेव्हाही एकदा बोलवा.

पानोपानी: दोघंही पानं विसरलात. समोर 25 ओळी, एकूण 1300. 'सगळे' म्हणजे कुठले? शेजारी डिलीट असेल तर हा प्रश्न महागात पडतो. आधी 'या पानावरचे 25 निवडले' दाखवा, मग वेगळी लिंक 'सर्व 1300 निवडा'. ती दाबली तर आयडी पाठवू नका, फिल्टरच्या अटी पाठवा. सर्व्हरवर पीएचपी असेल तर एका वेळी किती किंमती स्वीकारायच्या याची मर्यादा (मॅक्स इनपुट व्हार्स) मुळात 1000 असते. त्यापुढचे आयडी गळतात आणि वापरणाऱ्याला वाटतं काम झालं.

अर्धविराम: मान्य. मग तर बटणच बरं, त्यावर थेट 'या पानावरचे 25 निवडा' लिहिता येतं.

तिरकी_रेघ: लेबलवरही येतं की!