शब्दचर्चा : पाइपचा ‘सपोर्ट’ म्हणजे ‘आधार’च का?

प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात शिकवते. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतींत कामाला लागणाऱ्या मुलांसाठी पाइपिंगच्या स्ट्रेस अॅनालिसिसवर (वजन आणि तापमान यांमुळे पाइपवर येणाऱ्या ताणांच्या गणितावर) मराठीत पुस्तिका लिहीत आहे. तिच्यात ‘सपोर्ट’साठी सर्वत्र ‘आधार’ आणि ‘अँकर’साठी ‘नांगर’ असे शब्द योजले आहेत. हे शब्द योग्य आहेत का, की मूळ इंग्रजी शब्दच ठेवावेत?

उत्तर

मॅडम, आपल्या पुस्तिकेची फार गरज आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षे हेच काम केले असून आता गुहागर तालुक्यात राहतो.

‘आधार’ हा शब्द चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. आधार म्हटले की वजन पेलणे एवढेच मनात येते. लाइनचा, म्हणजे जोडलेल्या पाइपांच्या ओळीचा, सपोर्ट वजन तर पेलतोच, शिवाय काही दिशांना तिला रोखतो आणि काही दिशांना मोकळी सोडतो. संगणकावर त्याचे प्रतिरूप तयार करताना हे रोखणे आणि सोडणे जसेच्या तसे उतरले नाही, तर पुढचे सगळे आकडे कितीही नेटके दिसले तरी ते त्या लाइनचे नसतात. साधे कार्बन स्टील 30 अंशांवरून 180 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की मीटरमागे सुमारे 1.8 मिलिमीटर वाढते, म्हणजे 50 मीटरच्या सरळ लाइनीला 90 मिलिमीटर जागा लागते. ती जागा कोणत्या बाजूला मिळणार, हे सपोर्ट ठरवतात.

आपल्याकडे डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पोफळीच्या पन्हळीतून घरापर्यंत आणतात, ते आठवा. पन्हळ दुबेळक्यात, म्हणजे दोन फाटे असलेल्या खुंटात, नुसती ठेवलेली असते. दुबेळके तिला खाली पडू देत नाही आणि बाजूला घसरू देत नाही. पण लांबीच्या दिशेने ओढली तर ती सरकते आणि वर उचलली तर सरळ हातात येते. ‘आधार’ या एका शब्दात यातले वजन पेलण्यापलीकडचे काहीच सांगितले जात नाही. कारखान्यातल्या ज्या सपोर्टवर लाइन नुसती टेकते आणि दोन्ही बाजूंना गाईड, म्हणजे तिला बाजूला घसरू न देणारे अटकाव, असतात, तो गुणाने दुबेळकेच असतो. म्हणून नुसत्या टेकणाऱ्या सपोर्टला ‘टेकू’, टांगत्या सपोर्टला ‘शिंके’ आणि लांबीच्या दिशेने थांबवणाऱ्याला ‘अडसर’ म्हणावे, असे मला वाटते. टेकू ढकलू शकतो, पण ओढून धरू शकत नाही; शिंक्याचे नेमके उलट आहे, शिवाय ते झुलते. हा भेद मराठी शब्दांत मुळातच आहे, तो मुलांना वेगळा शिकवावा लागणार नाही.

या भेदाचा फटका मी स्वतः अनुभवला आहे. एका कारखान्यात उभ्या लाइनीच्या माथ्यावरून आडव्या निघालेल्या लाइनीचा पहिला सपोर्ट मी वर-खाली दोन्हीकडे रोखणारा म्हणून भरला होता. गणिताच्या निकालात त्याच्यावरच्या बलाचे चिन्ह उलटे आले होते, म्हणजे सपोर्ट लाइनीला खाली ओढून धरत होता. मी आकडा पाहिला, चिन्ह पाहिले नाही. लाइन चालू झाल्यावर तिथल्या फिटरने शूच्या, म्हणजे पाइपला खालून जोडलेल्या लोखंडी पायाच्या, खाली कागद सरकवून दाखवला आणि तो या बाजूने आत जाऊन त्या बाजूने अलगद बाहेर आला. उभी लाइन तापून वर वाढली होती, तिने आडवी लाइन टेकूवरून उचलली होती, आणि त्या टेकूच्या वाट्याचे वजन शेजारच्या सपोर्टवर गेले होते. सपोर्ट फक्त वरच्या दिशेला बल देणारा, म्हणजे खरा टेकू, म्हणून भरल्यावर गणितातही तीच फट दिसली आणि त्या जागी लाइनीबरोबर वर-खाली होत भार पेलणारी स्प्रिंग बसवावी लागली. कागदावर ‘टेकू’ असे लिहिलेले असते, तर ही चूक माझ्या हातून झाली नसती, असे मला आजही मनापासून वाटते.

‘नांगर’ हा शब्द मात्र कृपया काढून टाका. आपली मुले किनाऱ्यावरची आहेत. नांगरलेली होडी भरती-ओहोटीबरोबर नांगराभोवती फिरते, हे त्यांनी रोज पाहिलेले आहे. पाइपिंगमधल्या अँकरला मात्र तिन्ही दिशांचे सरकणे आणि तिन्ही अक्षांभोवतीचे फिरणे अशा सहाही हालचाली रोखायच्या असतात. साइटवर सगळे ‘अँकर’ म्हणतात, तोच शब्द ठेवावा किंवा ‘जखड’ म्हणावे.

‘जखड’ म्हटले तरी ती किती पक्की, हा प्रश्न उरतोच. सॉफ्टवेअरमध्ये वेगळे काही सांगितले नाही, तर सपोर्ट जवळजवळ अनंत ताठर धरला जातो. मेढ जांभ्यात रोवली की ठाम राहते आणि पुळणीत रोवली की हलते, तसेच लोखंडी चौकटीचेही असते. खांबातून बाहेर काढलेला लांब ब्रॅकेट भाराखाली वाकतो, आणि त्याची खरी ताठरता भरली की भारांची वाटणी बदलते. पंपाच्या किंवा टर्बाइनच्या तोंडाजवळ ही काळजी घ्यायलाच हवी.

घर्षणासाठी नवा शब्द नको. स्टीलवर स्टील घासताना गुणांक सामान्यतः 0.3 धरतात, टेफ्लॉनची पट्टी घातली तर 0.1 च्या आसपास. म्हणजे 10 किलोन्यूटन भाराच्या टेकूवर लाइन सरकताना सुमारे 3 किलोन्यूटनचा विरोध होतो. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात गंजून खडबडीत झालेला टेकू कागदावरच्या टेकूसारखा वागत नाही, हेही मुलांना सांगा.

पुन्हा प्रश्न

‘जखड’ आणि ‘टेकू’ घेते. गाईडच्या दोन्ही बाजूंना ठेवतात त्या ‘गॅप’ला ‘फट’ लिहिले आहे, ते चालेल का? आणि स्प्रिंगचे काय?

उत्तर

‘फट’ नको, ‘वाव’ म्हणा. फट चुकून राहते, वाव मुद्दाम ठेवतात. गाईडला बाजूला 3 मिलिमीटर वाव असेल तर तो गणितात 3 मिलिमीटरच भरावा. शून्य भरला तर प्रत्यक्षात नसलेले आडवे बल निकालात उभे राहते.

स्प्रिंगला स्प्रिंगच म्हणावे, पण ‘बदलत्या भाराची’ आणि ‘स्थिर भाराची’ असे दोन प्रकार वेगळे लिहावेत. पहिल्या प्रकारात लाइन हलली की भार बदलतो. समजा, ताठरता, म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारे बल, 50 न्यूटन आहे आणि लाइन तापल्यावर 12 मिलिमीटर वर जाते, तर भारात 600 न्यूटनचा फरक पडतो. तापलेल्या स्थितीत स्प्रिंग 4000 न्यूटन पेलत असेल, तर थंड स्थितीत तिच्यावर 4600 न्यूटन येतील. हा फरक 15 टक्के झाला. सहसा 25 टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फरक येत असेल तर कमी ताठरतेची स्प्रिंग पाहावी, आणि तीही पुरत नसेल तर स्थिर भाराची घ्यावी.