पॅनलसमोर माल ठेवला तर काय बिघडतं?

बी-२०२: नमस्कार मंडळी, विषय सोसायटीचा नाही पण विचारतो. भोसरीच्या गाळ्यात विद्युत निरीक्षकांची तपासणी झाली, मेन पॅनलसमोरचा माल हलवा म्हणून लेखी देऊन गेलेत. हात पोचतो हो हँडलपर्यंत, जरा तिरकं उभं राहावं लागतं एवढंच. नेमकी किती जागा सोडायची असते? ए-५०१ वाले काका, तुम्ही यातलेच ना?

ए-५०१: समोर १ मीटर. १९५६ च्या वीज नियमांत होतं, २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही तेच. आणि मोकळं म्हणजे मोकळं, चाकाची ट्रॉली पण नाही, कारण "लगेच सरकवतो" म्हणणारा माणूस नेमका तेव्हा चहाला गेलेला असतो

बी-२०२: काका गाळ्याचं भाडं चौरस फुटावर आहे 😅

सी-१०३: दादा, पॅनल दीड मीटर रुंद धरलं तरी १६ चौरस फूट होतात फक्त.

डी-४०४: पण आतमध्ये एमसीसीबी (जास्त करंट आला की तोडणारा मोठा ब्रेकर) असतोच की, काही झालं तर आपोआप ट्रिप होईल

ए-५०१: शॉर्ट झाला, ओव्हरलोड झाला तर होईल. मशीनमध्ये हेल्परची बाही अडकली तर एमसीसीबीला काय कळणार? स्टॉपचं बटण चाललं तर ठीक, नाहीतर कोणीतरी धावत येऊन मेन पाडायचा असतो, तेव्हा तो खोके चढून जाणार का? दुसरं म्हणजे वायरमन. त्याला कधीकधी लाइव्ह पॅनल उघडून टेस्टिंग करावं लागतं, खोक्यांवर ओणवा होऊन केलं तर तोल जाऊन कोपर बसबारला, म्हणजे आतल्या उघड्या लाइव्ह पट्टीला लागतं. आणि फ्लॅश झाला की माणूस मागे उडी मारतो, मागे माल असेल तर अडखळून पुन्हा पॅनलवरच येतो. स्विच मारताना पण समोर नाही, बाजूला उभं राहून तोंड फिरवून मारायचा असतो, त्याला जागा नको?

सी-१०३: आमचं चाकणचं युनिट अमेरिकन कंपनीचं, त्यामुळे ऑडिट ओशाच्या (अमेरिकेची कामगार सुरक्षा संस्था) नियमानं होतं. त्यात समोर काय आहे त्यावर अंतर ठरतं. आपल्या ४१५ व्होल्ट थ्री फेजला अर्थच्या हिशोबानं २४० पडतात, त्या गटात साधारण ३ फूट, पण समोर काँक्रीटची किंवा विटांची भिंत असेल तर साडेतीन, कारण भिंत अर्थ झालेलीच धरतात, आणि दोन्हीकडे उघडे लाइव्ह भाग असतील तर ४. शिवाय रुंदी किमान ३० इंच, आणि पॅनलचं दार ९० अंश तरी उघडलं पाहिजे.

बी-२०२: बरं, पिवळा पट्टा मारून घेतो मग

सी-१०३: पट्टा माराच पण नुसत्या पट्ट्यानं काही होत नाही दादा, आमच्याकडे पट्ट्याच्या आत बरोब्बर मापात पॅलेट ठेवलेलं असायचं. मालाला दुसरीकडे रॅक दिला तेव्हा थांबलं ते.

ए-५०१: पॅनलच्या मागे किती जागा आहे?

बी-२०२: हातभर असेल, ४५-५० सेंमी. झाडू, मॉप असतात तिथे

ए-५०१: मागून जोडण्या आहेत का?

बी-२०२: हो, केबल मागूनच येतात

ए-५०१: मग खरी गडबड तिथे आहे. अशा पॅनलमागे २० सेंमीपेक्षा कमी नाहीतर ७५ पेक्षा जास्त जागा लागते. २० मध्ये माणूस शिरूच शकत नाही, ७५ मध्ये नीट उभा राहतो. मधल्या मापात अंग चोरून शिरतो, पाठ भिंतीला आणि छाती लाइव्हला. ७५ च्या वर सोडलीत तर १.८ मीटर उंचीपर्यंत जायची वाट पण मोकळी लागेल.

बी-२०२: तोपर्यंत दोन्ही बाजूंनी जाळी ठोकून टाकू?

ए-५०१: अजिबात नको! ड्रिल कुठल्या केबलला लागेल सांगता येत नाही. पॅनल सरकवायचं काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचं, ते पण वरून सप्लाय बंद करून. नंबर पर्सनलवर पाठवतो. झाडू काढायचे तर तेही त्या दिवशी मेन बंद झाल्यावर, हात घालू नका मध्ये.

ॲडमिन: कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय ठेवावेत 🙏

डी-४०४: ॲडमिनसाहेब, बी विंगच्या मीटर रूममध्ये तीन सायकली आणि कोणाचं तरी दिवाण पडलंय, तो सोसायटीचाच विषय आहे ना?

ॲडमिन: दिवाण कोणाचं आहे?