बेडरूमसाठी स्वस्त स्पीकर: वूफर हवाच, हे ठरवलं कुणी?

खर्ज
'दणदणीत' यांनी काल लिहिलं की दोन-तीन हजारांत कॉम्प्युटरला स्पीकर घ्यायचे तर २.१ सेटच, म्हणजे दोन स्पीकर आणि खालचे स्वर वाजवणारा एक वूफर, घ्यावा, खोक्यावर जास्तीत जास्त वॅट बघावेत आणि वूफर पलंगाखाली कोपऱ्यात सरकवावा. वूफर नसलेले दोन डबे घेणं म्हणजे म्हणे पैसे पाण्यात. बऱ्याच जणांनी त्याला मान डोलावली, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वॅट. खोक्यावर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, कंपनीच्या मनाला येईल तो छापतात. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, तेवढे बघा. यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरवर तर चारआकडी पीएमपीओ पाहिलेत मी. अहो, यूएसबीला ५ व्होल्ट. जुन्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. निळ्या पोर्टला ९००, म्हणजे साडेचार. बाकीचे वॅट येणार कुठून?

आणि ते अडीच वॅट कमी नाहीत. टेबलावरचा स्पीकर कानापासून दोन-अडीच फुटांवर असतो. बारक्या स्पीकरचे एका वॅटला एका मीटरवर ८० डेसिबल धरा, साधं बोलणं साठच्या आसपास असतं. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. म्हणजे आवाज दुप्पट वाटायला वॅट दसपट हवेत. एवढ्या आवाजाचं बेडरूममध्ये करायचं काय?

आता वूफर. खोली १० बाय १२. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ च्या आसपास आवाज घुमतो. स्वस्त वूफर नेमका तिथेच आणि त्याच्या जरा वर फुगलेला असतो, आणि कोपऱ्यात ठेवला की आणखी फुगतो. मग गाणं कुठलंही लावा, एकच 'बुंऽऽ' येतो. त्याच किमतीत पैसे दोन स्पीकरच्या पडद्यांवर (थरथरून आवाज काढतो तो भाग) आणि डब्यावर घातले तर गळा स्वच्छ येतो. क्रिएटिव्हचे पेबल घ्या. दोन इंची पडदे, तोंड ४५ अंशांत वर, आवाज थेट कानाकडे. माझ्या खोलीला ते पुरतात.

दणदणीत
माझं नाव घेऊन एवढं लिहिलंत, तर उत्तर घ्या. तुम्ही स्वतःला 'खर्ज' म्हणवता. पांढरी एकमध्ये (पेटीची पहिली पांढरी पट्टी) गाणाऱ्याचा मध्य षड्ज १३० हर्ट्झ, खर्जातला ६५. तुमच्या दोन इंची पडद्यातून ६५ येतो का? येत नाही. तबला एकवेळ ठीक, पण डग्गा टेबलावर बोट आपटल्यासारखा वाजतो. मी दहा वर्षं तबला शिकलोय. डग्ग्याची घुमक नसेल तर तो ठेका मला ऐकवत नाही.

लॉजिटेकचा झेड ३१३ बघा. २५ वॅट, आणि तेही आरएमएस. २.१ म्हणजे सगळा पीएमपीओचा बाजार, असं भासवू नका.

खर्ज
६५ येत नाही, मान्य. पण १३०, १९५, २६० हे त्याचे वरचे स्वर येतात आणि त्यांवरून मूळ षड्ज कान स्वतः जुळवतो. लँडलाइनवर वडिलांचा भारदस्त आवाज ओळखू येतोच की, खरं तर तिच्यातून ३०० च्या खालचं फारसं काही येत नसतं.

झेड ३१३ वाईट आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तुमचा सल्ला वाईट आहे. पलंगाखाली, कोपऱ्यात, आणि वॅट बघून.

दणदणीत
जुळवलेला षड्ज आणि ऐकलेला षड्ज यांतला फरक ज्याच्या हाताखाली डग्गा आहे त्याला विचारा. कान जुळवतो म्हणून मी अर्धवट वस्तू का घ्यायची?

मृणाल_ठाणे
पलंगाखालच्या वूफरबद्दल मला बोलायचंय, कारण मी त्या पलंगाच्या खालच्या मजल्यावर राहते. वरचा मुलगा कुठलं गाणं ऐकतो ते मला आजवर कळलेलं नाही. फक्त ठोका येतो. वरचे स्वर स्लॅब अडवतो, खालचे तसेच उतरतात, आणि वूफर थेट फरशीवर असला की अख्खा स्लॅब वाजतो. माझ्या सासूबाईंची बायपास झालीय. त्या दुपारी जरा पडल्या की हे सुरू. सांगायला गेले तर म्हणतो, "काकू, आवाज तर बारीकच आहे." त्याच्या खोलीत बारीकच असणार.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण मोजणी अशी असते की खालचे स्वर त्यात कमी धरले जातात. म्हणजे कागदावर तो निर्दोष आणि आमच्या घरात तक्क्यासकट सगळं हलतंय. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वूफर सुचवताना जरा तरी विचार करा हो.

दणदणीत
ताई, तुमच्या सासूबाईंना बरं वाटो. वूफरखाली जाड फोम किंवा रबर घाला आणि नॉब अर्ध्याखाली ठेवा, हे मूळ सल्ल्यात लिहायला हवं होतं. ते आता लिहितो. बाकी मत तेच.

वर्धेकर
तुमी लोकं खोकेच बघत बसा ना भाऊ. आमच्याकडे ४४४० आयसीचा (आवाज मोठा करणारी चिप) बोर्ड, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आन् जुन्या डेकचे चार इंची स्पीकर प्लायवूडच्या डब्यात टाकले की दोन हजाराच्या आतच काम होते. डग्गाबी वाजते आन् गळाबी. सोल्डरिंग करणारे पोरंच राह्यले नाही, हे खरं दुखणं आहे. बोर्ड बिघडला तं चाळीस-पन्नासची आयसी बदलायची. तुमचा चिकटवलेला डबा बिघडला तं कचऱ्यात.

पेठेतला
विषय चाललाच आहे तर माझा अनुभव. साधे दोन स्पीकर घेतले, अॅडॅप्टरवर चालणारे. लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून 'घूंऽऽ' आवाज. चार्जर काढला की शांत. दुकानदाराने पीस बदलून दिला, तरी तेच. शेवटी मित्राने सांगितलं म्हणून चार्जरच्या प्लगची जाड पिन कापली. घूं बंद. फुकटात काम झालं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी करून बघा.

वायरमनकाका
कृपा करून कुणीही हे करू नका. पेठेतला, तुम्हीही तो प्लग आधी काढा.

ती जाड पिन अर्थिंगची आहे. उपकरणात काही फुटलं आणि करंट बाहेरच्या पत्र्यावर आला तर तो जमिनीत जायची ती वाट. ती कापली की वाट तुमच्या अंगातून. पिन कापलेले प्लग मी घरोघरी बघतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळतं: "काही होत नाही हो काका."

पेठेतला
लॅपटॉपच्या चार्जरमधून २० व्होल्ट येतात, काका. वीस व्होल्टने कुणी मेलेलं ऐकलंय? लोकांना घाबरवायचं आणि वायरिंगची कामं मिळवायची, हा धंदा जुना आहे.

वायरमनकाका
धंद्याचं बोलू नका. मी निवृत्त आहे आणि इथे लिहायचे मला कुणी पैसे देत नाही.

चार्जरच्या पोटात २३० असतात. त्याच्या आत फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यापासून बाहेरच्या बाजूला छोटे कपॅसिटर असतात, गोंगाट अर्थिंगमध्ये सोडायला. अर्थिंग नसेल तर पत्र्याचा लॅपटॉप जवळजवळ ११५ व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी कमी, म्हणून जीव जात नाही, पण हात फिरवला की झिणझिण लागते. पिन कापल्यापासून तुम्हाला तशी लागते का? खरं सांगा.

आणि माझी मुख्य शंका निराळी आहे. पुष्कळदा उलटं घडतं. अर्थिंग नसलं की घूं वाढतो. तुमच्याकडे पिन कापल्यावर थांबला, म्हणजे त्या पिनमधून काहीतरी येत होतं. घर किती जुनं? बाथरूममध्ये गीझर आहे का?

पेठेतला
झिणझिण लागते. म्हणून काय झालं. वाडा जुना आहे, सदाशिव पेठेत, भाड्याने राहतो. गीझर आहे.

वायरमनकाका
मल्टिमीटर आहे का? गीझर चालू करा आणि लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये मोजा. फेज ते अर्थ, आणि न्यूट्रल ते अर्थ. कुठे हात लावू नका, फक्त काड्या.

दणदणीत
धागा स्पीकरचा आहे.

वायरमनकाका
त्या स्पीकरपायीच तो प्लग कापलाय. थांबा जरा.

पेठेतला
मोजलं. फेज ते अर्थ २२८. न्यूट्रल ते अर्थ शून्य. अगदी ०.०. म्हणजे अर्थिंग उत्तम आहे, बरोबर? आता तरी मान्य करा.

वायरमनकाका
गीझर चालू असताना ०.०? घरावर लोड असला की न्यूट्रलच्या तारेत थोडा व्होल्टेज पडतो आणि खऱ्या अर्थिंगशी तुलना केली की एक-दोन व्होल्ट दिसतातच. अगदी शून्य म्हणजे दोन्ही भोकं एकाच तारेला जोडलेली असण्याची दाट शक्यता. जुन्या घरात अर्थिंगची तार ओढायचा कंटाळा करणारे सॉकेटच्या मागे न्यूट्रलपासून अर्थला तुकडा मारून ठेवतात. टेस्टरवाला खूश, मालक खूश. न्यूट्रलचा सगळा गोंगाट मग अर्थिंगच्या पिनमधून लॅपटॉपमध्ये, तिथून ऑडिओच्या तारेने स्पीकरमध्ये. तुमचा घूं बहुधा तोच.

आणि ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी त्या सॉकेटला लावलेल्या प्रत्येक थ्री-पिन वस्तूचा पत्रा २३० वर जाईल. फ्यूज उडणार नाही, एमसीबी पडणार नाही. आमच्या भागात एका घरात अगदी असंच झालं होतं. ओल्या हातांनी कपडे धुवायच्या मशीनचं झाकण उघडायला गेलेली बाई. वाचली, पण त्या घरातल्या मुलांचे चेहरे मी विसरलेलो नाही. म्हणून हे सगळं लिहितोय. मेन स्विच बंद करा, बंद झालाय याची टेस्टरने खात्री करा, आणि सॉकेट उघडून बघा. जमत नसेल तर वायरमन बोलवा.

मृणाल_ठाणे
काका, फ्लॅटमध्येही असं असू शकतं का? आमची इमारत १९८५ ची आहे.

वायरमनकाका
असू शकतं. वायरमनकडून सगळी सॉकेट तपासून घ्या. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नावाचा स्विच मेनला बसवा. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला यांतला फरक बघून तो पडतो, त्यामुळे अर्थिंग नसलं तरी माणूस वाचायची आशा राहते. तुमच्या घरी आजारी माणूस आहे, तर आधी हे करा.

पेठेतला
उघडलं. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये काळ्या वायरचा तुकडा आहे. स्वयंपाकघरातल्या सॉकेटलाही तसाच. फोटो मालकाला पाठवलेत, ते वायरमन पाठवतोय म्हणाले. तोवर तुकडे काढले, गीझर आणि फ्रिज बंद ठेवलेत. तुमचं निदान बरोबर निघालं. पण पहिल्याच प्रतिसादात हे समजावलं असतंत तर मी धंद्याचं बोललो नसतो. सुरुवातीलाच दरडावायची गरज नव्हती.

वायरमनकाका
चालेल. वेगळी अर्थिंगची तार आणि ती जमिनीत जाते तो अर्थिंगचा खड्डा, दोन्ही करून घ्या. मालक नुसता सॉकेट बदलून देईल, ते चालवून घेऊ नका. प्लगही नवा लावा. त्यानंतरही घूं आला तर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. तरीही राहिला तर ऑडिओच्या तारेत बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो. त्यात दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात, तो चालेल. स्वस्तातला असेल तर खालचे स्वर थोडे खाईल.

वर्धेकर
हे बाकी बरोबर बोलले काका. माझ्या बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर पत्र्याच्या डब्यात आहे. आजच अर्थिंग देतो त्याले.

चर्चगेट_लोकल
मी नवीन आहे. खोली १० बाय १०, पीजी, भिंतीपलीकडे दुसरी मुलगी अभ्यास करते. बजेट दोन हजार. जुनी भावगीतं आणि ऑनलाइन लेक्चर. एवढं सगळं वाचूनही काय घ्यायचं ते कळलं नाही.

खर्ज
लेक्चर आणि भावगीतं, म्हणजे नव्वद टक्के गळा. दोन स्पीकर घे, वूफर नको. जुनी रेकॉर्डिंग मुळात मोनो, आणि त्यांत खालचं फारसं उतरलेलंच नाही, तर वूफर वाजवणार काय? ठेवताना भिंतीपासून वीतभर पुढे, तोंडं कानाकडे.

दणदणीत
तुझ्या गरजेला दोन स्पीकर पुरतील, हे म्हणतो. पीजीत वूफर मीही सुचवणार नाही. पण पुढे स्वतःचं घर झालं आणि मैफलीची रेकॉर्डिंग ऐकायला लागलीस की चार इंची पडदे असलेले, भिंतीतल्या सॉकेटवर चालणारे मोठे स्पीकर घे. एडिफायरच्या आर १२८० टी मध्ये ४२ वॅट आरएमएस आहेत आणि वेगळ्या वूफरशिवाय त्यात डग्गा बराचसा लागतो. किंमत आजच्या बजेटच्या कितीतरी पट. दोन इंचीत डग्गा लागतो असं मात्र मी कधीच म्हणणार नाही.

खर्ज
तसं म्हणा असं मी कुठे सांगितलं? बेडरूमच्या टेबलावर त्याच्याशिवाय चालतं, एवढंच माझं म्हणणं.

दणदणीत
तुमचं चालतं. माझं नाही.

चर्चगेट_लोकल
ठीक. रविवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन्ही ऐकून घेते. मोबाइलमधली गाणी लावून देतात का?

खर्ज
रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारी जा. गाणी मोबाइलमध्ये डाउनलोड करून ने, आणि साडेतीन एमएमची तार स्वतःची ने. दुकानदार लावतो ते गाणं ऐकून ठरवू नकोस. एक लेक्चरही लाव. 'स' आणि 'श' कानाला टोचले तर तो पीस सोडून दे.

वायरमनकाका
यूएसबीवाले घेतलेस आणि लॅपटॉपवर किरकिर ऐकू आली, तर यूएसबीची पिन मोबाइलच्या चार्जरला लाव आणि ऑडिओची तार तेवढी लॅपटॉपला ठेव. बऱ्याचदा तेवढ्याने जाते.