मार्की, फॉन्ट, फ्रेमसेट... जुने टॅग ब्राउझरमधूनच कायमचे काढून टाका की!

ऐरोलीकर: महापेला आमच्याकडे एक जुनी साइट नव्याने करायला आलीय, आत बघितलं तर जिकडेतिकडे फॉन्ट टॅग (टॅग म्हणजे पान कसं दिसायचं ते ब्राउझरला सांगणाऱ्या कोडातल्या खुणा), टेबलात टेबल आणि वर मार्कीत पळणारी सूचना. अरे, अक्षरांचं रूप ठरवणारा फॉन्ट आणि मजकूर मधोमध आणणारा सेंटर वापरू नका हे वेबपानांच्या भाषेच्या, एचटीएमएलच्या, १९९७ च्या चौथ्या आवृत्तीतच सांगितलंय, २०१४ ला एचटीएमएल ५ ने सरळ बाद यादीत टाकले, तरी सगळे ब्राउझर गुपचूप दाखवतात, मग कोण कशाला सुधारेल? तारीख जाहीर करा आणि बंद करा. फायरफॉक्सने २०१३ मध्ये मजकूर लुकलुकवणारा ब्लिंक टॅग काढला, अडलं का कुणाचं?

घोडबंदरचा ट्रॅफिक: ब्लिंक गेला तरी मजकूर जागेवर राहतो हो, फक्त लुकलुकायचं थांबतं. फ्रेमसेट, म्हणजे खिडकीचे भाग पाडून प्रत्येकात वेगळं पान दाखवणारा टॅग, काढलात तर पान कोरं! आमच्या सोसायटीची साइट एका मेंबरच्या मुलाने कॉलेजात असताना फ्रेमसेटवर केलेली, तो आता बाहेरगावी, पासवर्ड कुणाकडेच नाही आणि जुन्या सभांची इतिवृत्तं तिथेच आहेत. ती कोण सुधारणार, सेक्रेटरी? एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्ये म्हणूनच दोन वेगळे नियम आहेत, लिहिणाऱ्याने वापरायचं नाही, ब्राउझरने मात्र दाखवायचं.

ऐरोलीकर: म्हणजे नो पार्किंगचा बोर्ड लावायचा आणि टोइंगची गाडी कधीच पाठवायची नाही. भारीच.

सेक्टर १७, वाशी: टोइंगचा प्रयोग झालाय की. एक्सएचटीएमएल या एचटीएमएलच्या कडक नियमांच्या भावंडात एक टॅग बंद करायचा राहिला की पानाऐवजी एरर, आणि एक्सएचटीएमएल २ मध्ये तर जुन्या पानांशी जुळवून घ्यायचंच नाही असं धोरण. त्याला वैतागून २००४ मध्ये ॲपल, मोझिला, ऑपेराच्या लोकांनी एचटीएमएल पुढे न्यायला व्हॉटडब्ल्यूजी हा वेगळा गट काढला आणि २००९ ला डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने, एक्सएचटीएमएल २ गुंडाळलं. वेबवर जुनं पान चालतं म्हणूनच लोक नवा ब्राउझर घेतात.

ऐरोलीकर: मग एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएल डेटाचं पानात रूपांतर करणारी भाषा, काढायचं क्रोमने २०२५ मध्ये जाहीर केलं ते कसं चालतं?

सेक्टर १७, वाशी: तिथे कारण आहे ना. ब्राउझर तिच्या १९९९ च्या १.० व्हर्जनवरच अडकलेत, पुढची व्हर्जन त्यांनी घेतलीच नाहीत, आणि क्रोम त्यासाठी वापरतं ती लायब्ररी (तयार कोड) जुनी, सी भाषेत लिहिलेली, मेमरीचे सिक्युरिटी बग निघत राहतात. फॉन्ट टॅगमुळे कुणाचा कॉम्प्युटर हॅक झालेला ऐकलाय?

कोपरी पूल: मला सिक्युरिटीतलं कळत नाही पण मार्की जायलाच पाहिजे. आमच्या बाबांना दिसतं कमी, सूचना अर्धी वाचून होईस्तोवर पळून जाते. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांच्या वर हलणारा मजकूर थांबवता आला पाहिजे असं डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या नियमावलीत, स्पष्ट लिहिलंय, मार्कीला बटण कुठेय?

घोडबंदरचा ट्रॅफिक: हे पटलं. टॅग ठेवा, पळणं काढा, मजकूर साध्या परिच्छेदासारखा दिसू दे. ब्लिंकचं तेच तर झालं.

ऐरोलीकर: चला, निदान एवढं तरी. बाकीच्या टॅगसाठी कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या डेव्हलपरांच्या खिडकीत, ठसठशीत वॉर्निंग द्या.

कोपरी पूल: कन्सोल उघडतं कोण, तुम्हीच ना? आणि तुम्हाला तर आधीच माहितीय.