रंगावर जाऊ नका, चासीचा नंबर बघा

अमेरिकेत शार्लट शहराजवळ नॅसकारची (तिथल्या स्टॉक कार शर्यतींची) निवृत्त गाडी स्वस्तात मिळतेय आणि तिच्यावर गाजलेल्या ड्रायव्हरचा रंग-आकडा आहे, असं तुम्ही म्हणताय. नुसत्या रंगाला माझ्या लेखी किंमत नाही. या गाड्यांचा पत्रा सतत बदलला जायचा, पुन्हा रंगवला जायचा. टिकायचा तो आतला पोलादी नळ्यांचा सांगाडा, म्हणजेच चासी. त्याचा नंबर मागा आणि तो कुठल्या शर्यतीत धावला हे संघाच्या कागदांवर दाखवायला सांगा. प्रायोजकांच्या जाहिरातीसाठी फिरवलेल्या 'शो कार'ही विकायला येतात. त्यातल्या काही शर्यतीत उतरलेल्याच नसतात.

इंजिन आहे का, हेही विचारा. बऱ्याच गाड्या इंजिनाशिवाय विकतात, आणि ३५८ घनइंची व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) नंतर शोधत बसणं खिशाला फार जड जातं.

दार उघडत नाहीच, तेव्हा खिडकीतून आत शिरा आणि उजवीकडच्या नळ्यांवरच्या वेल्डिंगवरून बोट फिरवा. ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवर बाहेरची भिंत याच बाजूला असते. दुरुस्तीच्या खुणा सापडल्या तर मला ती गाडी उलट जास्तच आवडेल, फक्त त्या अपघाताची नोंद हवी.

घाई मात्र करू नका. २०२२ मध्ये नॅसकारच्या सर्वोच्च 'कप' मालिकेत नवी गाडी आली आणि आधीच्या पिढीच्या सगळ्या गाड्या एकदम बाद झाल्या, म्हणजे ही हुकली तरी दुसरी मिळेल.